गफूरभाऊंचं कपाट आणि ओटा

लोणावळ्याच्या फलाटावर उतरलो तेव्हा दगडू हमालाने माझ्या वळकटीला हात लावला नाही. एरवी तो "चला कालेजवाले" म्हणत ती हिसकावूनच घेतो. त्या दिवशी नुसता समोर उभा राहिला आणि म्हणाला, "उशीर केलास रं. गफूरभाऊला काल माती दिली." मी तिथेच वळकटीवर बसलो. ते आजारी आहेत हे मला माहीत होतं. परीक्षा संपली की भेटायचं, असं मनाशी ठरवलंही होतं...

त्याला आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्रासाठी मी आजवर कधी लिहिलेलं नाही. वलवणच्या आमच्या घरात लिहायला शिकलेला मी पहिलाच. वडील रेल्वेच्या गँगमध्ये, आई डोंगरातून मोळी आणून बाजारात विकणारी. तेव्हा हे मला जमेल की नाही, शंकाच आहे. पण एका वाक्यामुळे लिहायला बसलो. गफूरभाऊंच्या बंद दुकानापुढे चार माणसं हळहळत उभी होती आणि त्या जागेचे मालक म्हणाले, "माणूस सज्जन, पण फार कायद्यावर बोट ठेवायचा. माणुसकीत जरा कमी पडला." बाकीच्यांनी माना डोलावल्या. गेलेल्या माणसावरून वाद घालू नये म्हणतात. तिथे मी गप्प राहिलो, ते सगळ्यांत लहान म्हणून. इथे राहणार नाही.

गफूरभाऊ आमच्या बाजारपेठेतले औषधवाले. तरुणपणी इथल्याच एका डॉक्टरांकडे ते कंपाउंडर होते. मग परीक्षा देऊन, परवाना काढून त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, डोक्याला काळी टोपी. आणि बोलताना समोरच्याकडे न बघता तराजूच्या काट्याकडे बघायची सवय. मी कॉलेजात शास्त्र शाखा घेतल्यापासून सुटीचे दिवस त्यांच्या बाकावर जाऊ लागले. ते मला "प्रोफेसर" म्हणत. थट्टाच ती, पण बाहेरच्या कुणी तीच थट्टा केली तर त्यांना खपत नसे. त्या दुकानात मला ओढ होती ती मागच्या भिंतीतल्या कपाटाची. पुढच्या उघड्या फळ्यांवर एरंडेल, सोडा, ओव्याचा अर्क, खरजेचं मलम, कुणीही यावं आणि मागावं. कपाटात मात्र विषं. सोमल, कुचल्याचा अर्क, नुसती बाहेरून लावायची जहाल औषधं. त्यांच्या बाटल्या निळ्या, अंगाला कंगोरे असलेल्या, म्हणजे न बघता हात पडला तरी बोटांना कळावं. आणि वर तांबडी पट्टी. त्या कपाटाच्या पोटात आणखी एक लहान कप्पा होता. त्याला वेगळं कुलूप, आणि किल्ली गफूरभाऊंच्या गळ्यात ताइताशेजारी. त्यात अफूचा अर्क, मॉर्फिया, कोकेन. ही औषधं डॉक्टरच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, चिठ्ठीवर रोग्याचं नाव-गाव आणि तारीख हवी, औषध दिलं की ती चिठ्ठी दुकानातच ठेवून घ्यायची म्हणजे तीच दाखवून कुणी दुसऱ्यांदा मागू नये, आणि आलं किती, गेलं किती, उरलं किती ते त्याच दिवशी लिहायचं... हे सगळं कायद्यातच आहे. पण खोकल्याच्या काही औषधांत अफूचा अंश इतका थोडा असतो, की कायदा त्यांना कपाटाबाहेर राहू देतो. गफूरभाऊ तीही आतच ठेवत. मी विचारलं, "कायद्याची मोकळीक आहे, मग का?" काट्याकडे बघत म्हणाले, "कायदा लिहिणारा मोठ्या माणसाचं अंग धरून लिहितो, प्रोफेसर. आपल्या बाजारात औषध तान्ह्याच्या तोंडात जातं." म्हणजे जिथे कायदा सोडत होता तिथे हा माणूस सोडत नव्हता. कायद्यावर बोट ठेवणारा म्हणतात तो हा!

आणि कायद्याचीही गंमत बघा. त्याच बाजारात सरकारी ठेक्याचं अफूचं दुकान होतं. तिथे मोठ्या माणसाला ठरलेल्या मापात अफू मिळे, कुणी चिठ्ठी विचारत नसे. तीच अफू फेरीवाल्यांकडे जाई आणि गुळात वळून बाळगोळी म्हणून दारोदार विकली जाई. पुण्याच्या वाचकांना बाळगोळी म्हणजे काय ते कदाचित सांगावं लागेल. सकाळी कामाला निघताना आई तान्ह्याला ती चाटवते; पोर झोळीत निपचित पडून राहतं, दुपारपर्यंत रडत नाही. आमच्याकडे हे कुणी लपवून करत नव्हतं. मोळीवाल्या, गवतवाल्या, बंगल्यांवर धुणी धुणाऱ्या, सगळ्याच करत. त्या बायांना नावं ठेवणाऱ्याने आधी डोक्यावर मोळी आणि कडेवर पोर घेऊन वलवणहून बाजारापर्यंत चालून दाखवावं. मग बोलावं.

माझ्या थोरल्या भावाची मुलगी हौसा तेव्हा नुकती रांगायला लागली होती. वहिनी बंगल्यावर कामाला जाई, आई मोळी घेऊन बाजारात. मी सुटीवर होतो आणि गफूरभाऊंच्या बाकावर बसलो होतो, तेव्हा आई मोळी विकून दुकानात आली.

"गफूरभाऊ, त्या फेरीवाल्याच्या गोळीत गूळ किती न् अफू किती, देव जाणं. पोर मदीच उठतंय, रडून रडून निळं पडतंय. तुमचा माल चोख. मुगाएवढी द्या."

"डॉक्टरची चिठ्ठी?"

"पोरीला निजवायला डाक्टर कशाला?"

"मग मिळायची नाही, सगुणाबाई."

आईला राग आला. बाकावर आणखी दोघे-तिघे होते, त्यांच्यादेखत तिने माझा दंड धरून मला उभं केलं. "ह्यो बघा! ह्याला म्या गोळी चाटवूनच वाढवलाय. गेला का न्हाई कालेजात? बिघडलं का डोकं त्याचं?"

"त्याची जरा शंकाच आहे, मावशी," बाकावरून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मीही हसलो. गफूरभाऊ हसले नाहीत. काट्याकडे बघत त्यांनी विचारलं, "हा गेला कॉलेजात. ह्याच्या आधीची कुठंय, सगुणाबाई?"

मला थोरली बहीण होती, ती मी जन्मायच्या आधी गेली, एवढंच मला ठाऊक होतं. तापाने गेली, असं घरात सांगत. आईने डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि पायऱ्या उतरून निघून गेली. मी तिच्यामागे निघालो तशी गफूरभाऊंनी हाक मारली. "चारचौघांत बोलायला नको होतं. पण बोललो ते मागे घेणार नाही. तिला सांग हवं तर."

मी सांगितलं नाही. घरात त्यानंतर त्या दुकानाचं नाव निघालं नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी मात्र आई मोळीबरोबर हौसालाही घेऊन निघाली. दुकानापुढे मोळी उतरवली, आत आली आणि पोरीला थेट फळीवर, तराजूशेजारी बसवलं. दुकानात गिऱ्हाईक होतं. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"थोरलीला ताप न्हवता, गफूरभाऊ. सकाळी म्या गोळी दिलती. दुपारी पोर चुळबुळ करतंय म्हणून सासूनं दिली. तिला वाटलं, म्या इसरले. मला वाटलं, ती कशाला दील. कुणी कुणाला इचारलंच न्हाई..." तिचा आवाज कापला नाही. मला आजही तिच्या त्या आवाजाचा धाक वाटतो. मग ती चढ्या सुरात म्हणाली, "चिठ्ठी मागतोस न्हवं? चिठ्ठी न्हाई मजकडं. मोळी हाय अन् पोर हाय. दोन्ही कसं वाहू ते सांग. लय कुलपं लावतोस. आता हिला संबाळ!" आणि उत्तराची वाट न बघता मोळी उचलून चालू लागली.

अरेतुरे तिने गफूरभाऊंना त्यापूर्वी कधी केलं नव्हतं. ते क्षणभर हौसाकडे बघत राहिले. ती वजनांच्या डबीकडे सरकत होती. त्यांनी आधी डबी उचलली, मग हौसाला, आणि मागच्या दाराकडे तोंड करून बायकोला हाक दिली, "खातून, बाहेर ये गं. गिऱ्हाईक आलंय, चिठ्ठी नाही!"

असं ते सुरू झालं. पुढच्या बाजाराला दुसरी एक मोळीवाली आली, मग गवतवाल्या आल्या. दुकानाच्या ओट्यावर वाशांना झोळ्या बांधल्या गेल्या. गफूरभाऊंना मूल नव्हतं. खातूनभाभी आधी कुरकुरल्या, मग कुणी पोर आणलं नाही तर दारात उभ्या राहून चौकशी करू लागल्या. बाजाराने थट्टेची हौस भागवून घेतली. "गफूरभाऊ, औषधाची पाटी काढा आता, सुइणीची लावा!" ते म्हणत, "लावतो. तुझा नातू आण आधी."

पण सगळी थट्टाच नव्हती. बाळगोळीचा खप पडला तसं कुणीतरी वर कळवलं, की विषाच्या दुकानात पोरं रांगतात. सरकारी तपासनीस आले. मी तेव्हा तिथेच होतो. त्यांनी दोन्ही कुलपं उघडायला लावली, आतल्या कप्प्यातलं औषध स्वतः तोललं, लिहिल्याशी ताडून पाहिलं. सगळं जुळलं. मग ओट्याकडे बोट करून म्हणाले, "आणि हे काय?"

"साहेब, विष कुलपात ठेवावं असं कायद्यात आहे. पोरं कुलपात ठेवावीत असं नाही."

मला वाटलं, आता परवाना गेला. तपासनिसांनी ओट्यावरच्या झोळ्या मोजल्या. मग म्हणाले, मुलं उंबऱ्याच्या आत येता कामा नयेत. गफूरभाऊंनी मान डोलावली आणि त्याच दिवशी सुताराकडून उंबऱ्यावर आडवी फळी ठोकून घेतली. बरोबर सांगितलेलं ते ऐकत. ते कुणापुढे वाकत नव्हते हे खरं, पण त्यांना वाकायची गरज पडली नाही असं मला वाटतं... त्यांना काय जपायचं ते पक्कं माहीत होतं.

परवाना त्यांच्या नावाचा होता, त्यांच्याबरोबर संपला. सरकारी माणसं येऊन आतला कप्पा रिकामा करून, कपाटाला मोहोर लावून गेली. तसंच व्हायला हवं होतं. त्यांनी स्वतःच तसा आग्रह धरला असता. खातूनभाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर पाळायचे ते दिवस संपेपर्यंत घराबाहेर पडायच्या नाहीत. बाळगोळीवाला दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा ओरडत फिरू लागला. त्या दिवशी आईने मोळी आणली नाही. ती बंद दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसली, झोळ्या बांधल्या आणि येणाऱ्या बायांकडून पोरं घेऊ लागली. बाया जाताना तिला मोळीतली चार लाकडं देतात.

मी पुण्याला परतायच्या आदल्या बाजारी तिच्याजवळ बसलो होतो. जागेचे मालक तरातरा आले आणि खालूनच ओरडले, "ए बाई! दुकान बंद झालं, आता हे काय मांडलंयस? ओटा मोकळा कर."

आई जागची उठली नाही. "हळू बोला. पोरं निजलीत."

आणि त्यांचा आवाज खरोखरच खाली आला. ते दोन पायऱ्या चढले, एका झोळीत वाकून त्यांनी बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं. "गोळी दिलीयस?"

"न्हाई."

"मग उठतील कधी?"

"उठतील," आई म्हणाली. "आपली आपण उठतील."