पयले दोन पाय

नाला आला की सुखदेवजी जीप थांबवायचे, बूट-मोजे काढायचे, विजार गुडघ्याच्या वर दुमडायचे आणि पाण्यात उतरायचे. खालचे दगड तळपायांनी चाचपत पलीकडे जायचे, तसेच परत यायचे, पाय पुसून बूट चढवायचे आणि मगच चारी चाकांचा गियर टाकायचे. धारणीहून आतल्या गावांना जाताना जंगलात असे सात नाले लागत. तेवढ्या वेळात मी म्हातारी होऊन जायचे.

मी नुकतीच पुण्याहून धारणीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून आले होते. साल अठ्ठावन्न की एकोणसाठ. सुखदेवजी आमचे ड्रायव्हर. तेल्हाऱ्याकडचे, फौजेत गाडी चालवून आलेले, पन्नाशी गाठलेले. समोरच्या काचेपाशी त्यांनी बुद्धाचं छोटंसं चित्र लावलं होतं. "मागच्याच आठवड्यात इथून गेलो ना आपण?" मी एकदा वैतागून विचारलं.

"तवा गेलो, बाई. तवापासून पान्यानं दगड कुठी नेले, मले काय मालूम? चाकं लय ताकदीची हायेत, पन त्याइले डोये नाईत. पयले दोन पाय, मंग चार चाकं."

माझ्या पुणेरी कानांना हे चक्क उद्धट वाटलं.

त्या पावसाळ्यात आतल्या एका गावातून निरोप आला, बाई दोन दिवस अडली आहे. आम्ही निघालो. पाचव्या नाल्याशी सुखदेवजी बुटाची नाडी सोडायला वाकले आणि माझा तोल सुटला. "आज नको! हुकूम समजा माझा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नाडी पुन्हा बांधली आणि गाडी घातली. मध्यावर पुढचं चाक खड्ड्यात गेलं, जीप कलंडली, इंजिनात पाणी शिरलं. सुखदेवजींनी मला हाताला धरून काढलं, औषधांची पेटी डोक्यावर घेतली आणि उरलेला दीड कोस माझ्यासोबत चिखल तुडवला. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. जीप मात्र तिसऱ्या दिवशी बैलांनी ओढून काढावी लागली.

अमरावतीच्या साहेबांनी खुलासा मागवला. ड्रायव्हरचा दोष असेल तर त्याला जीपवरून काढून कचेरीत स्टुलावर बसवणार होते. सुखदेवजींचा चष्मा नाल्यात वाहून गेला होता, म्हणून खुलासा त्यांनी मलाच सांगितला.

"लिवा, बाई. पान्यात न उतरता गाडी घातली. चूक माही."

"अहो, पण हुकूम माझा होता!"

"तुमाले अजून लय वर्सं नोकरी करायची हाय. लिवा."

आणि मी लिहिलं! चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं. त्यांनी सही केली. तो कागद दोन दिवस माझ्या टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी मी तो फाडला, खरं ते लिहून माझ्या सहीनं पाठवलं. मला कडक ताकीद मिळाली. सुखदेवजी जीपवर राहिले.

"काहून फाडला? माह्या सहीचा कागद होता तो," एवढं बोलून ते चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

परवा त्यांच्या मुलाचं पत्र आलं, बाबा गेले म्हणून. पत्र हातात घेऊन बसले आणि आठवला तो जीप दुरुस्त झाल्यानंतरचा पहिला दिवस. तोच पाचवा नाला. सुखदेवजींनी गाडी थांबवली, पण बुटांना हात लावला नाही.

"उतरत नाही का?"

"आज तुमी."

मी चपला काढल्या, लुगडं वर खोचलं आणि उतरले. पाणी गार, दगड निसरडे. दोनदा पडता पडता वाचले. एकेक दगड पायानं दाबून पाहत पलीकडे पोचले.

"कसं हाय, बाई?" त्यांनी ओरडून विचारलं.

"गुडघाभर! डावीकडे खड्डा आहे, उजवीकडून घ्या!"

"पक्कं?"

"पक्कं!"

सुखदेवजींनी चारी चाकांचा गियर टाकला आणि नुसत्या माझ्या शब्दावर जीप पाण्यात घातली. मी काठावर अनवाणी उभी राहून रडत होते.