कामठीत न दिलेला शब्द

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की उठून जाणारा मी माणूस. त्यामुळे हसायचं तर खुशाल हसा, पण आधी ऐका.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साल असावं. नागपुरात धंतोलीला खोली, कचेरीत कारकुनी आणि डोक्यात एकच खूळ — कथा लिहायची. दिवाळी अंकाच्या एका संपादकांनी माझ्या तीन कथा परत केल्या होत्या. "सगळं आधी वाचल्यासारखं वाटतं हो. नवं सुचलं तरच या." फार लागलं ते. नंतर दोन महिने जे सुचेल ते शिळंच वाटायचं... नीट झोप नाही, जेवण नाही.

मग एका रविवारी सुचली! मुलगी पळून जाऊन लग्न करते. तिचं नावही घरात काढायचं नाही, असा बापाचा हुकूम. आई हातमागावर लुगडी विणते आणि प्रत्येकाच्या आतल्या टोकाला वीतभर हिरवा दोरा घालते — चुकून लेकीच्या हाती पडलंच, तर आईची खूण पटावी. नवऱ्याला वाटतं, दोरा सरला म्हणून जोडला असेल. कोणालाही न दाखवता कथा दिली. संपादक म्हणाले, "ही खरी ताजी!" मी हवेतच.

माझं काम उलटं. आधी लिहायचं, मग तपासायचं. म्हणून बसने कामठीला गेलो, आयुष्यात पहिल्यांदा. ज्या घरात माग दिसला तिथे शिरलो. विणणाऱ्या बाईंना एवढंच विचारलं, मध्येच दोरा सरला तर काय करता?

त्यांचा हात थांबला. "काहून पुन्हा विचारून राहिले भाऊ? मागच्या साली सांगतलं ना सारं तुम्हाले?"

"मी? अहो, मी आजच येतोय."

"इथंच तं बसले होते. चहा घेतला. माह्या पोरीचं ऐकून डोळे पुसले..." दाराकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "लिवणार नाही म्हणून शब्द देल्ला होता तुम्ही. पोरीच्या बापाले समजलं तं माग मोडून टाकतीन. मंग पोरीले कसं समजंन, माय अजून हाय म्हणून?"

त्यांनी एका लुगड्याची घडी उलगडली. आतल्या टोकाला हिरवा दोरा होता.

"नाही छापत," एवढंच बोललो.

सोमवारी कचेरी बुडवून कथा परत आणली. "वेड लागलंय का? अशी पुन्हा सुचायची नाही तुम्हाला," संपादक चिडून म्हणाले. खरंच सुचली नाही. त्याचा राग अजून येतो — कधी त्या बाईंचा, कधी स्वतःचा.

कामठीची ती नवरा-बायको दोघंही गेल्याचं पुढे कळलं, म्हणून आज लिहितोय. मी गेलोच नव्हतो, तर तिथे बसून रडलेला माणूस कोण? आणि गेलो असेन, तर माझी ती एकच नवी गोष्ट माझी नव्हतीच... यातलं खरं काय, मला अजूनही माहीत नाही.