विहीणबाईंची संसद

माझ्या विहीणबाईंनी जसा अभ्यास केला तसा आजवर कोणी केला नसेल, आणि परीक्षकांचं नशीब चांगलं असेल तर पुढेही कोणी करणार नाही. विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीची सासू. आम्ही दोघी इथे तेलंगणात, आदिलाबादेतच राहतो, दोघींची नात एकच, आणि साठी उलटल्यावर घरबसल्या बी.ए. करायला दोघींनी नाव घातलं तेही एकाच दिवशी. कल्पना त्यांची. मी हो म्हटलं, कारण त्या वरमाय आणि मी मुलीची आई; त्यांनी विमान चालवायला शिकू म्हटलं असतं तरी मी पदर खोचला असता.

पुस्तकं तेलुगूतली, वाद मराठीतला. विहीणबाई प्रत्येक धडा शेवटून वाचतात. "शेवट समजला का जिवाला घोर राहत नाही," म्हणतात. नुसतं बसून पाठांतर त्यांना मान्य नाही. शेंगा फोडायला घ्यायच्या आणि मुद्दा आठवला की हातातली शेंग माझ्यावर रोखायची. पण खरी कमाल त्यांच्या राज्यशास्त्राची. अख्खी राज्यघटना त्यांनी आपल्या सासरी नेऊन बसवली. "राज्यपाल म्हंजे जावई. मान मोठा, काम कमी. लोकसभा म्हंजे आमी धाकट्या सुना, पाच वर्सं झाले का पुन्हा परीक्षा. आन् राज्यसभा म्हंजे थोरली जाऊ, कवाच बरखास्त होत नाही." हे सगळं डोक्यात असं चटाचट शिरायचं की मला माझ्या इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या दिवसांची कीव यायची. तेव्हा मी रंगीत पेन्सिलींनी वेळापत्रक आखायचे, पुस्तकांना कव्हरं घालून त्यांवर वेली काढायचे, आणि वेलीला फुलं येईपर्यंत परीक्षा येऊन ठेपायची.

घात केला तो थोरल्या जावेनेच. सासरी कारभार कोणाकडे ठेवायचा आणि कोणाकडून काढायचा, हे ती ठरवायची. म्हणून विहीणबाईंनी सरकार पाडायचा हक्क राज्यसभेला देऊन टाकला. तो लोकसभेचा, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण लग्नात त्यांच्या पानात वाढताना मी मान खाली घातली होती ती अजून वर केली नव्हती. वरमायेला "चुकलं" कसं म्हणायचं? गंमत म्हणजे परीक्षेतही मी त्यांचंच राज्यसभेचं उत्तर लिहिलं, पानंच्या पानं. बाहेर आल्यावर त्यांनी "काय लिहिलं?" विचारलं असतं, तर त्यांच्या जावेविरुद्ध साक्ष दिली हे कोणत्या तोंडाने सांगणार होते?

अर्धा कोर्स संपता संपता निकाल लागला. लेकीने मोबाइलवर पाहिला. त्या पेपरात दोघी नापास. विहीणबाईंनी पुस्तकं कापडात बांधून माळ्यावर टाकली आणि माझ्याकडे अभ्यासाला येणं बंद केलं. माझा जीव खालीवर. त्यांच्याशिवाय मी पुस्तक उघडलंही नसतं. उघडलं तरी हसले नसते.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. त्या शेंगांना हातसुद्धा न लावता बसल्या होत्या.

"झालं माझं शिक्षन," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी तुमीबी बुडाल्या, इहीणबाई."

"तुमच्यापायी नाही. सरकार पाडते ती लोकसभा. मला तवाच माहीत होतं."

त्यांनी चष्मा काढला. "मंग बोलल्या काऊन नाही?"

"तुमी वरमाय."

"वरमाय?" त्या उठून उभ्या राहिल्या. "नात कॉलेजात चालली, आन् तुमी अजून मांडवातच उभ्या हाय? मी इकडं जावेला डोक्यावर बसवून राह्यली, आन् तुमी मान हालवून राह्यल्या? चढा स्टुलावर, काढा ते पुस्तकं."

मी चढले. त्यांनी खालून स्टूल धरलं आणि मी उतरेपर्यंत माझ्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. इतकं बरं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

आता आम्ही तो पेपर पुन्हा देणार आहोत. आता आमचं भांडण गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जातं. नवीन भाडेकरूंना वाटतं, दोघींचं फार वाकडं आहे. परवा तर विहीणबाई पहिल्यांदाच उठून माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि चहा करून आल्या. मी एक घोट घेतला आणि सांगितलं, साखर फार झाली. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"तुमच्या हातचा असते तसाच केला," म्हणाल्या. "इतके वर्सं असाच तर पाजला तुमी मला."

मी तो तितका गोड करायचे, कारण मला वाटायचं, त्यांना तसाच आवडतो. आणि त्या तो संपवायच्या, कारण त्यांना वाटायचं, मला.