हशा येईपर्यंत काका थांबतील

मी तिशीतच म्हातारा झालो. टक्कल आजोळकडून आलं होतं आणि आवाजात उपजत खोकला होता. त्यामुळे नायकाच्या भूमिकेसाठी मला कधी कुणी विचारलं नाही आणि मीही त्यासाठी कधी रडलो नाही. नायक पहिल्या अंकात प्रेमात पडतो, तिसऱ्यात लग्न करतो. मधल्या वेळात प्रेक्षकांनी घरी जाऊ नये म्हणून काका, मामा आणि घरमालक लागतात. ते मी. हे मी त्या काळात कुणी विचारलेलं नसतानाही सगळ्यांना ऐकवत असे.

काकाला एक गोष्ट यावी लागते. विनोदी वाक्य टाकायचं आणि थांबायचं. मुलुंडला रविवारचा प्रयोग असला की हशा मागच्या रांगांतून उठायचा. तो पुढे येऊ द्यायचा, चढू द्यायचा, आणि उतरायला लागला की पुढचं वाक्य. याला आम्ही लाफ्टर घेणं म्हणतो. घाई केलीत तर पुढचं वाक्य त्या हशात बुडतं आणि तिकीट काढून आलेला माणूस शेजाऱ्याला विचारत बसतो, "काय म्हणाला? काय म्हणाला?"

मग टीव्हीवर मराठी मालिका सुरू झाल्या आणि मला एका मालिकेत काकाचंच काम मिळालं. मला त्याचं अप्रूप एकाच कारणासाठी होतं. माझ्या आईनं मला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. तिचे गुडघे गेलेले, थिएटरच्या पायऱ्या तिला झेपत नव्हत्या. कोकणातून आल्यावर तिनं जन्मभर गिरणीत वाइंडिंग खात्यात काम केलं, त्या मशिनींच्या आवाजानं तिचे कानही अर्धे नेले होते. पण जोगेश्वरीला आमच्या शेजारच्या खोलीत टीव्ही होता. तिथवर ती भिंतीला धरून जाऊ शकत होती.

शूटिंग अंधेरीतल्या एका भाड्याच्या बंगल्यात. दिग्दर्शक माझ्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी लहान, पण मला पहिल्या दिवसापासून 'काका' म्हणायचा. पहिलाच सीन मुलगी बघायला जाण्याचा. पुतण्या मला विचारतो, काका, मुलगी कशी वाटली? मी म्हणतो, "मुलगी उत्तम आहे. पोहे शेजारणीनं केले असतील, अशी आशा करू या." आणि मग, "चला, निघू या."

मी पोह्यांचं वाक्य टाकलं आणि थांबलो.

भुवई वर, मान किंचित तिरकी. बाहेर कावळा ओरडला.

"कट! काय झालं काका? विसरलात?"

"नाही हो. लाफ्टर घेतोय."

"कुणाचा?"

मी आजूबाजूला पाहिलं. एक लाइटवाला बिडी शोधत होता. बंगल्याच्या मालकाचं कुत्रं माझ्याकडे पाहत होतं, तेही गंभीरपणे.

पुन्हा टेक. पुन्हा थांबलो. मुद्दाम नाही हो, अंगच थांबायचं. वर्षानुवर्षं शिडीच्या प्रत्येक पायरीवर थांबणाऱ्या माणसाला लिफ्टमध्ये उभं केल्यासारखं झालं होतं. शेवटी बंगल्याचा मालक किल्ली मागायला येऊन उभा राहिला, म्हणून तोच टेक वैतागून ओके झाला.

तो भाग लागला त्या दिवशी शेजाऱ्याच्या खोलीत अख्खी चाळ जमली होती. आईला एकुलती एक खुर्ची. मी दारात, उगाच नम्र चेहरा करून. पडद्यावर मी पोह्यांचं वाक्य टाकलं आणि थांबलो. खोलीत चिडीचूप. शेजारी टुणकन उठला, "च्यायला, आवाज गेला!" आणि टीव्हीच्या डोक्यावर त्यानं दोन धपाटे घातले.

"आवाज नाही रे गेला, मी थांबलोय!"

"कशाला थांबलास यार? लाइट जातील ना तेवढ्यात!"

आई वळून माझ्याकडे बघत होती. "मधीच गप कित्याक रवलंस रे? पुढचा इसारलंस?"

लोक हसले ते तेव्हा. मी जमिनीत जायच्या बेतात होतो. मालिका पुढे सरकली, नायक-नायिका बागेत पोचले, आणि अचानक आई हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खोकला येईपर्यंत. "पोहे शेजारणीन केल्यान!"

मग मला म्हणाली, "माका समजाक वाईच येळ लागता."

दुसरा कुणी असता तर या प्रसंगातून शहाणा झाला असता. मी वेगळाच धडा घेतला. माझी चूक थांबण्यात नव्हतीच. मी कमी थांबलो होतो.

पुढच्या शूटिंगला मी जास्त थांबलो. दिग्दर्शकानं स्क्रिप्ट जमिनीवर आपटली. "काका, हे नाटक नाहीये! टीव्ही आहे टीव्ही! समोर कुणी नाहीये!"

"आहे ना. माझी आई बसते समोर. तिला ऐकू यायला वेळ लागतो."

"मी तुमच्या आईसाठी मालिका काढत नाहीये."

"मी काढतोय," मी म्हटलं.

दिग्दर्शकानं लेखकाला हाक मारली. "काकांना काशीला पाठव. पुढच्याच भागात."

म्हणजे माझी वाट लागली. मालिकेतला म्हातारा काशीला गेला की परत येत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आईला मला आणखी एकदाच बघायला मिळणार होतं. माफी मागितली असती तर कदाचित तिकीट रद्द झालं असतं. तोंडातून निघाली नाही.

निरोपाचा सीन संध्याकाळी आला. खिडकीतला उजेड जात चाललेला, दुसरा टेक मिळणार नाही हे कॅमेरामननं आधीच सांगून ठेवलं होतं. मी ते कान देऊन ऐकलं. हातात वळकटी घेऊन मी दारात उभा. नवी सून म्हणते, काका, लवकर परत या. मग ती वाकून नमस्कार करते, मी आशीर्वाद देतो आणि जातो. लेखकानं मला जाता जाता एक वाक्य दिलं होतं. ते मी ती वाकेपर्यंत राखून ठेवलं.

ती वाकली. मी म्हटलं, "काशीला पाप धुवायला जातात म्हणे. माझ्याजवळ धुण्याजोगं एकही नाही. वाटेत काहीतरी करावं लागेल."

आणि थांबलो.

आता सांगा, थोरल्यानं आशीर्वाद दिल्याशिवाय घरातली सून उठेल कशी? ती वाकलेलीच. मी आईच्या कानांच्या हिशेबानं थांबलो. एक अख्खी टॅक्सी बंगल्यासमोरून गेली. खालून कुजबूज आली, "काका... कंबर!" दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून हातवारे करत होता, पण कट म्हणाला असता तर सीन गेला असता.

मग मी सावकाश म्हटलं, "अखंड सौभाग्यवती भव," आणि निघालो.

"हे मी एडिटिंगला कापणार," तो मागून ओरडला.

"कापा की. फक्त सून वाकलेली होती ती उभी कधी राहिली, ते लोकांना सांगा."

सगळं एकाच शॉटमध्ये होतं, मधला तुकडा काढला की चित्र उडी मारायचं. कापता आलं नाही. तो भाग लागला तेव्हा शेजाऱ्याच्या खोलीत पडद्यावरचा मी थांबलो, आणि मी पडद्याकडे पाठ करून फक्त आईकडे बघत राहिलो. ती पुढे झुकली होती. कपाळाला आठी. मग आठी सुटली. ती हसली, खणखणीत, सगळ्यांच्या आधी, आणि तिच्यामागून खोली हसली. ते उतरल्यावर माझा आशीर्वाद स्पष्ट ऐकू आला, एक अक्षर बुडालं नाही.

"आशीर्वाद बरो दिलंस," आई म्हणाली.

काका काशीहून परत आले नाहीत. मालिका त्यांच्यावाचून छान चालली, हे मी खिलाडूपणे मान्य करतो. त्या दिग्दर्शकानं मला पुन्हा काम दिलं नाही, आणि मीही जिथं जिथं काम मिळालं तिथं तिथं थांबत राहिलो. माझं नुकसान म्हणावं तर एकच झालं. सुनेचं काम करणारी ती मुलगी पुढे मोठी नटी झाली. अजून भेटते, प्रेमानं चौकशी करते, पण नमस्कार मात्र लांबूनच, उभ्या उभ्या हात जोडून.