शेजारच्या खाटेचा कागद

दवाखान्यातल्या त्या बाईच्या हातात दोन कागद होते. एक तिनं शेजारच्या खाटेवरच्या पाटलीणबाईंना दिला. जवळ बसून ओळ न् ओळ समजावली. मग आमच्याकडे वळली. गाव विचारलं. वडनेर भोलजी. आडनाव विचारलं. मी सांगितलं. दुसरा कागद तिनं फाईलमध्ये परत ठेवला.

"हे इंग्रजीत आहे, तुमच्या कामाचं नाही. ऑपरेशन झालं की पेशंटला गपचूप पडून राहू द्या. आज रात्रीपासून काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही."

सुमन म्हणाली, "काऊन जी, आमाले बी सांगा ना."

"आमाले," असं म्हणून ती बाई हसली आणि निघून गेली.

मुलांनो, सुमन म्हणजे माझी धाकटी बहीण, तुमच्या बाबांची मावशी. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदण केलं तिनं. बुलढाण्याच्या त्या दवाखान्यात तिच्या आतड्याचा कॅन्सर काढायचा होता. ती बाई डॉक्टरांची मदतनीस, ऑपरेशनआधी पेशंटला माहिती देणारी. आणि मी मेहकरच्या शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. उलट सुमनचा हात दाबला, गप्प राहा म्हणून. तिच्या बोलण्याची मला लाज वाटली. हे लिहायला सगळ्यात जड जातं, म्हणून आधीच लिहिते.

दुसऱ्या दिवशी दोघींचं ऑपरेशन झालं. एकच आजार, एकच डॉक्टर. सकाळी पाटलीणबाई साखरेचं पाणी प्यायल्या, कुणी अडवलं नाही. सुमन आदल्या रात्रीपासून कोरडी. संध्याकाळी पाटलीणबाईंना उठवून बसवलं, घोट घोट पाणी दिलं. पुढच्या सकाळी त्या सुनेचा हात धरून व्हरांड्यात चालत होत्या. मला वाटलं, त्यांचा आजार हलका असेल.

सुमन पाणी मागत होती. "बाई, एक घोट दे वं. जीव चालला माया."

मी कापूस भिजवून ओठांना लावला. घोट दिला नाही. ती कुशीवर वळायला गेली तर मीच तिला धरून ठेवलं. मी शिस्तीची. सांगितलेलं तंतोतंत पाळायचं. वहीत वेळा लिहीत होते. किती वाजता मागितलं, किती वाजता नाही म्हटलं.

तिसऱ्या दिवशी तिला धाप लागली. पोट फुगलं. पाटलीणबाई घरी निघाल्या होत्या. आमच्या खाटेशी थांबल्या. "तुमाले नाही भेटला काय कागद? मंग हा घ्या. मायं काम झालं."

एक पान. साधं इंग्रजी, नववीच्या पोरीला समजेल असं. ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत साधं किंवा साखरेचं पाणी चालेल. नीट शुद्ध आली की त्याच संध्याकाळी घोट घोट पाणी. त्याच दिवशी बसवा, दुसऱ्या दिवशी चालवा. तासातासाला दीर्घ श्वास घ्यायला लावा, नाहीतर छातीत कफ साचतो. मी उभ्याउभ्या वाचला. पुन्हा वाचला.

डॉक्टर राउंडला आले तेव्हा तो मोठ्यानं वाचून दाखवला, शेवटच्या ओळीपर्यंत. विचारलं, हे माझ्या बहिणीला का नाही? डॉक्टर नरमले. म्हणाले, "मॅडम, शिकलेल्या आहात हे आधी सांगायचं ना."

मी म्हटलं, "नसते शिकलेली, तर?"

ते पुढच्या खाटेकडे गेले.

सुमनला पाणी मिळालं. बसवलं, श्वास घ्यायला लावला. पण छाती भरली होती. ताप उतरला नाही. नवव्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, असं कुणाचंही होऊ शकतं. होत असेल. कागद मिळाला असता तर ती जगली असती, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. तिनं पाणी मागितलं आणि ते देता येत होतं, एवढं शपथेवर सांगते. माझ्या आजीला गावानं विहिरीवर अडवलं होतं. इथं कुणाला अडवायला यावं लागलं नाही. त्यांचं काम मीच केलं.

तुम्ही फोनवर विचारता, आजी, या वयात दर मंगळवारी बुलढाण्याला कशाला जातेस? मंगळवारी तिथं पेशंट भरती होतात, बुधवारी ऑपरेशनं. मी प्रत्येक खाटेशी जाते. कागद मिळाला का, विचारते. नसेल मिळाला तर नातेवाइकाला घेऊन त्या बाईच्या टेबलासमोर उभी राहते. दोनदा वॉचमनला बोलावलं तिनं. मी काय शिकले हे तिथं सांगत नाही. इंग्रजीचा एक शब्द बोलत नाही. "हिले कागद द्या, अन् बसून समजावून सांगा," एवढंच म्हणते. मॅडम म्हणून मिळणारा कागद मला नको. निंदणाऱ्या बाईला द्यायचा, तिचं आडनाव ऐकल्यावर द्यायचा. देईपर्यंत मी हलणार नाही.