मुराळी आणि काचेवरचं यंत्र

सुमे, ये, अशी माझ्याजवळ सरकून बस. पुण्यात बसून सरकता येत नसेल, तर हे वाचताना कान तरी इकडं दे. फोन केला की ‘आत्या, कामात आहे, नंतर बोलते.’ तुझं ते ‘नंतर’ कुठल्या गावाला राहतं ते एकदा सांग, मीच जाऊन भेटून येते. रागावले नाही गं. तुझ्या बापाची आठवण आली की माझी जीभ अशीच सुटते.

तुझा बाप, माझा थोरला भाऊ, आम्हा बहिणींचा जन्माचा मुराळी. सासरच्या लेकीला सणाला माहेरी न्यायला येतो तो मुराळी, हे आता तुमच्या पिढीला सांगावं लागतं. नोकरी पुण्यात, पंपांच्या कंपनीत. पण नागपंचमी आली की दादाचं चित्त तिकडं ठरत नसे. आधी वडवणीच्या बाजूला मला घ्यायचं, मग नेकनूरला धाकटीला, आणि दोघींना घेऊन केजजवळच्या आमच्या गावी. आधी एसटीनं यायचा, पुढं गाडीनं. आला नाही असं वर्ष नाही.

त्याची एक खोड होती. रस्ता तोंडपाठ, तरी प्रत्येक फाट्यावर थांबून विचारायचा. “राम राम. बहिणीला न्यायला चाललोय. रस्ता ह्योच नव्हं?” मी एकदा चिडले, “दादा, तुला डोळे झाकून रस्ता येतो, मग कावून इचारतोस?” तर म्हणाला, “बाई, लोकांना कळाय नको का, तुला न्यायला माणूस आलाय म्हणून?” सासरी नवी असताना त्याच्या या विचारण्यानं माझा मान किती वाढला होता, ते मलाच ठाऊक.

नोकरीची थोडी वर्षं राहिली असताना कंपनीनं त्याला नवी गाडी घेऊन दिली. लीजवर. म्हणजे मुदतीपुरती वापरायची, मुदत संपली की परत. तेव्हा मोबाइलवर रस्ते दिसत नव्हते. रस्ता सांगणारं यंत्र वेगळं घ्यावं लागे. कंपनीनं विचारलं, गाडीतच बसवलेलं, मोठ्या पडद्याचं हवं, की तळहाताएवढं सुटं, काचेला चिकटवायचं? तू कॉलेजात होतीस. “पप्पा, आतलंच घ्या, केवढं भारी दिसतं! काचेवर डबा कशाला चिकटवताय?” असं तूच म्हणाली होतीस. ऑफिसातलेही तेच म्हणत. सुट्याची वायर लोंबते, उन्हानं रबर सुटतं, गाडी लावली की काढून लपवून ठेवावं लागतं. म्हणणं खोटं नव्हतं.

दादा दोन्हींची चित्रं घेऊन आमच्या दुकानापुढच्या बाकावर येऊन बसला. माझे मालक, तुझे काका, गूळ तोलत होते. म्हणाले, “पाव्हणं, आतलंच घ्या की. कंपनीचा माल हाय.”

“तीच तर अडचण हाय, दाजी. कंपनीचा हाय. गाडी परत गेली की तेबी तिच्यासंगं जाणार.”

“जाईना का. तुमचा कुठं रस्ता चुकतोय?”

दादा म्हणाला, “आज न्हाई चुकत. पण जिकडं तिकडं बायपास निघालेत, फाटे हलाय लागलेत. उद्या रिटायर झालो, नजर मंदावली, तर मी ह्यांना न्यायला यायचं कसं? गाडी परत दीन. बहिणी परत देऊ काय?”

तराजू तसाच धरून तुझे काका उभे राहिले. मी आत जाऊन चहा टाकला, आणि चहाच्या निमित्तानं बराच वेळ आतच राहिले.

त्यानं सुटंच घेतलं, पदरचे पैसे घालून, स्वतःचं. नकाशात माझं सासरचं गाव नव्हतंच. मग जागेवर उभं राहून त्यानं खूण करून ठेवली, पण कुठं, तर गावाबाहेरच्या विहिरीपाशी! मुराळ्यानं वेशीबाहेर थांबावं, पाय धुवावेत, टोपी नीट करावी आणि पायी दारात यावं, ही आमच्या घरची रीत. तुझे काका पोट धरून हसले. “पाव्हणं, तुमच्या यंत्रातल्या बाईनं तर तुमाला विहिरीत सोडलं!” दादा म्हणाला, “दाजी, तिचं काम तिथवरच. पुढं माझं.”

आणि यंत्र आलं म्हणून विचारणं थांबलं का? छे! फाट्यावरचा एक म्हातारा तर वैतागला. “अहो, गाडीतली बाई डावीकडं म्हणतीय की! मला कावून इचारता?” दादा शांतपणे म्हणाला, “ती नवी हाय, बाबा. तिला इकडचं माहीत न्हाई.” मागच्या सीटवर धाकटी आणि मी हसून हसून रडलो.

रिटायर झाला, गाडी परत गेली. पुढच्या पंचमीला तो भाड्याच्या जीपनं आला, काचेला स्वतःचं यंत्र चिकटवून. त्यानंतर दोन-तीन पंचम्या तसाच. मग त्याचं दुखणं निघालं. दवाखान्यातून फोन आला, आवाज अगदी खोल गेलेला. “बाई, यंत्रात तुझं गाव घालून ठेवलंय. कुणाच्याबी हातात दिलं तरी ते येईल बघ तुझ्यापर्यंत.” मी म्हटलं, “मला यंत्र नको, दादा. तू ये.” तो ‘हूं’ म्हणाला. त्यानं कधी मला खोटं सांगितलं नव्हतं, त्या दिवशीही सांगितलं नाही. येतो म्हणालाच नाही.

तो गेला, तेव्हापासून पंचमीला मी दाराकडं पाठ करून बसते. माझं वय झालंय, नातवंडं झालीत, माहेरचं वेड आता शोभत नाही, हे कळतं. पण कळून उपयोग काय?

परवा तू म्हणालीस, “आत्या, ड्रायव्हरसोबत गाडी पाठवते, त्याला मोबाइलवर रस्ता दिसतो.” दिसू दे. मी त्या गाडीत बसायची नाही, आत्ताच सांगून ठेवते. तू ये. लेकीनं मुराळी होऊ नये, असं कुणी सांगितलंय? कुठं न्यायचं ते तू ठरव. केज चालेल, नेकनूर चालेल, तुझं पुणंही चालेल. पंचमीपर्यंतसुद्धा थांबू नकोस, माय. सकाळी येऊन संध्याकाळी परत सोडलंस तरी चालेल, पण लवकर ये. लुगड्यांची घडी घालून मी पिशवी भरून ठेवली आहे.