साडूंचं जगदुरुस्ती खातं

जळून राख झालेला कुठलाही देश द्या, मिळतील त्या मिस्त्र्यांनिशी पुन्हा उभा करून देतो, अशी खात्री असलेला माणूस अख्ख्या पृथ्वीवर मला एकच भेटला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. सिल्वासाला बांधकाम खात्यात ओव्हरसियर. जन्म चिपळूणचा, परदेश पाहिला तो दमणपर्यंत. पण बंबात पाणी तापेस्तोवर बेरूत सावरायचं आणि भाजी फोडणीला पडेस्तोवर अफगाणिस्तानात धान्य पोचवायचं, हा त्यांचा रोजचा रिवाज. जेवतानाही ताटात भाताचे दोन प्रांत पाडायचे, मधून आमटीची सरहद्द, आणि लोणच्याची फोड म्हणजे शांतता राखायला आलेली परकी फौज. मेव्हणी शेवटी म्हणायची, "अहो, तो देश आधी खाऊन घ्या, निवतोय!"

मी हसायचो, पण मला कुतूहलही फार. एकदा विचारलं, "साडूभाऊ, सगळंच मोडलेल्या देशात लढाई थांबल्यावर पहिल्या सकाळी नेमकं करतात काय?" ते म्हणाले, "चहा. पण चहाला पाणी लागतं, पाण्याला पंप, पंपाला डिझेल, डिझेलच्या ट्रकला रस्ता, आणि रस्त्यात सुरुंग पेरलेले. म्हणजे चहाच्या आधी सुरुंग. लोक उगाच भाषणापासून सुरुवात करतात." एवढं बोलून त्यांनी स्वतः पाऊण तास भाषण केलं.

कंबोडियात परक्या फौजा उतरून निवडणूक घेणार, अशा बातम्या रेडिओवर येत होत्या त्या सुमाराला सिल्वासातच डोकमर्डीला आमच्या दुमजली इमारतीत युद्ध पेटलं. वरच्या मजल्यावरून कुणाची तरी ओली गोधडी खालच्यांच्या पापडांवर ठिबकली, एवढंच निमित्त. तळमजल्याच्या जशोदाबेननी पंपाच्या पेटीला कुलूप ठोकलं, वर पाणी चढेना. आम्ही वरच्यांनी गच्चीला कुलूप घातलं. त्याआधी खालच्यांचे सगळे अँटेना फिरवून ठेवले, इतके की त्यांच्या टीव्हीवर बातम्यांऐवजी थेट चंद्रावरची धूळ दिसू लागली. बादल्या उचलून माझे हात गुडघ्याला टेकायला आले होते.

खरं मरण ओढवलं आमच्या शेजारच्या संतोषवर. हा धुळ्याकडचा, खडोलीच्या कारखान्यात कामाला. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, आणि बाळ मान धरू लागलं तरी सासू पाठवेना. "सासू म्हनते, ओली बाळंतीण काय बादल्या वाहाले पाठवू?" तो रडवेला होऊन सांगू लागला. "पाणी नाही तर पोराले कसं आणू, भाऊ? मी नोकरी सोडतो न् गावाले जातो."

मी साडूंना बोलावून आणलं. ते सरकारी क्वार्टर्समध्ये राहणारे, म्हणजे तटस्थ राष्ट्र. इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि कंबोडियाच्या धर्तीवर त्यांनी आमच्या इमारतीत निवडणूक लावली. इमारतीचा एक अध्यक्ष, दोन्ही मजल्यांना मान्य! पण खाली बिऱ्हाडं जास्त. जशोदाबेन निवडून आल्या आणि त्यांनी पहिला हुकूम काढला, "पहेले ऊपरवाला माफी मांगे, पछी पानी." कालपर्यंत नुसतं कुलूप होतं, ते आता लोकशाही मार्गानं कायम झालं. संतोषनं ट्रंक भरायला घेतली.

साडू आमच्या जिन्यात डोकं धरून बसले. "घाई झाली," म्हणाले. "हरणाऱ्याच्या हातात काही उरतंय का, ते न बघताच मतं मोजली." मग एकदम उठले. "साडूभाऊ, आमच्या सिमेंटच्या गोदामाला दोन कुलपं असतात. एक ठेकेदाराचं, एक खात्याचं. दोघं आल्याशिवाय दार उघडत नाही. आमचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, आणि तरी धरण बांधून झालं!"

त्याच दिवशी त्यांनी पंपाच्या पेटीला दोन कडीकोयंडे बसवले आणि गच्चीच्या दारालाही दोन. प्रत्येक ठिकाणी एक कुलूप वरच्यांचं, एक खालच्यांचं. गच्ची उघडल्याशिवाय अँटेना सरळ होईना, म्हणून जशोदाबेननाही मान्य करावं लागलं. रोज सकाळी संतोष आणि जशोदाबेन पंपापाशी येत, तोंडं दोन दिशांना करून आपापलं कुलूप काढत. माफी कुणी मागितलीच नाही. आठवडाभरानं संतोषला शिंक आली, तेव्हा बेननी भिंतीकडे बघत औषधाची चौकशी केली, "दवा लीधी के?"

पुढच्याच महिन्यात संतोषची बायको बाळाला घेऊन रिक्षातून उतरली. साडू मुद्दाम आले होते, खिशात भाषण घेऊन. पण जशोदाबेन त्यांना बाजूला सारून पुढे झाल्या. "लाव, छोकरो मने आप, तू ऊपर जा," म्हणत त्यांनी बाळ खांद्यावर घेतलं आणि जिना चढू लागल्या. साडूंनी भाषण बाहेर काढलंच नाही. नुसते हळू म्हणाले, "मतं, करार, हे सगळं आपल्यासारख्यांच्या समाधानाला. बाई मूल घेऊन उतरली, आता थांबली लढाई."

निवृत्त होऊन साडू चिपळूणला गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. देश जळायचे थांबले नाहीत. बातम्यांत मोठी माणसं लांबलचक टेबलाशी बसून सह्या करतात, हात मिळवतात. साडूंना हल्ली ऐकू कमी येतं, सह्या चालू असेपर्यंत ते डोळे मिटून घेतात. मात्र पडद्यावर सरहद्दीवरून घरी परतणाऱ्यांची गर्दी आली, बस थांबली, बोचकी उतरू लागली, की चष्मा वर सारून पुढे वाकतात आणि मेव्हणीला विचारतात, "बघ गं नीट, पोरं आहेत का त्यांच्याबरोबर?"